पाचवी भाजी

सुगंधा तावडेला शेतीतलं कोणी शिकवायला आलं की तिचं डोकं तापायचं. ती देवगडकडची. बापाची माडांची बाग होती आणि आपण चालायला शिकलो ते माडाच्या आळ्यात पडत-उठत, हे ती कुणाचीही ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायची. नवरा अनंत तिच्या अगदी उलटा. त्याचा बाप परळच्या गिरणीत, आणि तो स्वतः अंधेरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर. त्याला नटबोल्ट कळायचे, माती कळायची नाही. रिटायर झाल्यापासून मात्र तो वाडीत पाय ठेवायला लागला होता, आणि सुगंधाच्या मते तिथूनच सगळी पीडा सुरू झाली.

वाडी होती गोराई गावात, खाडीच्या अलीकडे, पंधरा गुंठे. मालक शिवदास राऊत. बावीस वर्षं सुगंधा ती वाडी करत होती आणि बावीस वर्षांत कागदाचा एक चिटोरा झाला नव्हता. होळीच्या दुपारी वाडीतल्याच पाच भाज्या टोपलीत घालून शिवदासकाकांच्या ओटीवर न्यायच्या. काका एकेक भाजी हातात घेऊन मोठ्याने मोजणार, टोपली देवापुढे ठेवणार आणि म्हणणार, "पुढच्या वर्षी कर." झालं. तेवढ्या तीन शब्दांवर सुगंधा वर्षभर निर्धास्त झोपायची.

यंदा त्या तीन शब्दांत काकांचा मुलगा हर्षद आडवा आला होता. हर्षदला वाडीच्या जागी लग्नाचं लॉन करायचं होतं. पोरगा वाईट नव्हता. पाठीमागून बोलणाऱ्यातला तर अजिबात नव्हता.

"काकी, राग मानू नकोस," तो तोंडावर म्हणाला. "पण पालकाच्या जुड्यांवर किती दिवस काढणार तू? बोरिवलीची पब्लिक फेरीत बसून इथे लग्नाला यायला तयार आहे. तुला मी लॉनवर सुपरवायझर करतो ना."

"मी सुपरवायझर झाले तर पहिला तुलाच झाडू देईन," सुगंधा म्हणाली.

काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि तपकीर ओढून निकाल दिला. "होळीला पाच भाज्यांची टोपली आली तर वाडी तिची. नाही आली तर हर्षद, तुझं लॉन."

पाच भाज्या म्हणजे काय, सुगंधाच्या डाव्या हातचा मळ. पण तिला नुसती टोपली न्यायची नव्हती. हर्षदच्या तोंडाचा चंबू झाला पाहिजे अशी टोपली न्यायची होती. मुळा असा की मनगटाएवढा, पालकाचं पान असं की त्यात जेवायला वाढावं. त्यासाठी जमिनीला यंदा काहीतरी भारी खाऊ घालायला हवं, असं तिने ठरवलं. अनंताने युरियाची गोणी आणू का विचारलं, तर ती हसली.

"माका शिकवू नकात," ती म्हणाली. राग आला किंवा माज चढला की तिची देवगडची बोली वर यायची. "माझ्या बापाशीन माडांका काय घातल्यान म्हायत आसा? सुकी मासळी. एकेका माडाक दोनदोनशे नारळ लागत."

संक्रांत झाली आणि ती वर्सोव्याला गेली. तिथे शेवंती कोळीण तिच्या ओळखीची. परातींवर, दोऱ्यांवर, जमिनीवर, जिथे जागा मिळेल तिथे मासळी सुकत होती. सुगंधाला हवा होता सुक्या जवळ्याचा चुरा. शेवंतीने हात हलवला.

"जवळ्याचा चुरा कोंबड्यांचे खाद्यवाले उचलतात गो बाय. आता माझ्याकडं फक्त त्या कोपऱ्यातला आहे. पण तो खारवलेल्या मासळीचा. मिठाचा."

"मग काय झालं? माडाला आम्ही मीठ घालतोच."

"तू माड लावलायस?"

"भाजी. पण झाड ते झाड."

शेवंतीने तिच्याकडे नीट पाहिलं. "ने मग. पैसे नको. मला कोपरा मोकळा होईल."

फुकट म्हटल्यावर सुगंधाने दोन गोण्या ठासून भरल्या. वर्सोव्याहून मढची फेरी, मढहून रिक्षा, पुढे मनोरीची फेरी. पहिल्या फेरीत लोकांनी नाकाला रुमाल लावले. रिक्षावाल्याने जादा पैसे मागितले आणि अख्खा रस्ता मान बाहेर काढून गाडी चालवली. मनोरीच्या फेरीत तर माणसं उठून एकजात दुसऱ्या टोकाला जाऊन बसली, होडी एका अंगाला कलली, आणि नावाडी ओरडला, "ओ मावशी, गोण्या घेऊन मध्ये बसा, नाहीतर सगळे पाण्यात जातील." सुगंधा दोन्ही गोण्यांवर हात ठेवून मध्यभागी एकटी बसली. तिला लाज वाटली नाही असं नाही. पण होळीचा दिवस डोळ्यांपुढे आणून तिने मान ताठ ठेवली.

पाच वाफे होते. पालक, मुळा, लाल माठ, मेथी आणि वाल. सगळीकडे बोटबोटभर रोपं आली होती. सुगंधाने चुरा घमेल्यात घेऊन मुठीमुठीने रोपांच्या मुळाशी टाकला आणि खुरप्याने मातीत मिसळला. दिवसभर कंबर वाकवून संध्याकाळी ती उभी राहिली तर पाठीतून कडकड आवाज आला. गावातली मांजरं रात्रंदिवस वाफ्यांभोवती घिरट्या घालायला लागली.

इकडे अनंताने तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून विहिरीवरचा जुना एक एचपीचा पंप काढून तीन एचपीचा बसवला. कंपनीतल्या मित्राकडून स्वस्तात मिळाला होता. बटण दाबलं की पाण्याची अशी धार यायची की पहिल्या दिवशी मेथीची चार रोपं वाहूनच गेली.

"बघ गं," तो म्हणाला, "जुना पंप तीन तास घ्यायचा, हा एका तासात काम करतो."

"मग एक तासाने बंद करा."

पण अनंताला त्या पंपाचा आवाज इतका आवडायचा की दीड-दोन तासांशिवाय तो बटणाकडे वळायचा नाही.

दहा-बारा दिवसांत पालकाच्या कडा पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. मुळ्याची पानं टोकाकडून करपायला लागली. वाल तर मान टाकूनच बसला. सुगंधाने रोपं उपटून पाहिली, कीड नाही, बुरशी नाही.

"भुकेली आहेत," तिने निदान केलं. "दुसरी गोणी घालते."

"तहानलेली वाटतात मला," अनंत म्हणाला. "पंप अजून अर्धा तास चालवतो."

म्हणजे दोघांनी मिळून रोपांची काळजी घेण्यात काही कसर ठेवली नाही. आठवड्याभरात वालाचा वाफा मोकळा झाला. माती वरून पांढुरकी दिसायला लागली. सुगंधाला वाटलं, मासळीच्या हाडांचा चुरा असेल.

जे काही धड होतं त्याच्या जुड्या बांधून ती बोरिवलीला विकायला बसली. तिची नेहमीची गिऱ्हाईक, ऑफिसात जाणारी रुचिरा, जुडी हातात घेऊन थांबली. "मावशी, हा पालक जळलाय का?" ती म्हणाली आणि जुडी हळूच परत ठेवून दिली. बारा वर्षांत रुचिराने कधी जुडी परत ठेवली नव्हती. सुगंधाने सगळा माल टोपलीत कोंबला आणि नऊच्या आत परतीची फेरी धरली. तिला रडू येत होतं, पण फेरीत ओळखीचे लोक होते.

ती घरी आल्यावर अनंताने चहा केला. एक घोट घेऊन तिने कप खाली ठेवला.

"साखरेऐवजी मीठ घातलंत काय?"

"साखरच घातलीय."

"मग जिभेला काय झालंय माझ्या?"

"तुझ्या जिभेला तेहतीस वर्षं काहीतरी झालंच आहे," अनंत म्हणाला. त्या दिवशी त्यांचं बोलणं एवढ्यावरच थांबलं ते दुसऱ्या दिवसापर्यंत.

हर्षद येऊन गेला. वाफ्यांकडे पाहून त्याने टोमणा मारला नाही, हेच सुगंधाला जास्त लागलं. तो खाली बसला, पांढरी माती चिमटीत घेतली आणि खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "काकी, खाडीचं पाणी आत शिरलं बहुतेक. जमीन मेली गं ही. यात आता काय उगवणार?" जाताना त्याने फोनवर दोन फोटो काढले. बापाला दाखवायला असणार.

दुपारी सुगंधा विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली. होळीला पाच आठवडे उरले होते. समोर पाच वाफे, एक मेलेला, चार आजारी. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं की आपण हरलो. ही माती हाताला नसेल तर सकाळी उठून आपण जायचं कुठे, हे तिला सुचेना. नजर फिरता फिरता वाडीच्या उताराला असलेल्या दोन माडांवर गेली. आणि तिथेच थांबली.

माड खुशीत होते. मधला नवा कोंब हातभर वर आला होता, झावळ्या काळ्याशार हिरव्या. यंदा तिने त्यांना काहीच घातलं नव्हतं. पण वाफ्यांतलं जादा पाणी वाहून जातं ते त्यांच्याच आळ्यात.

ती उठली, पालकाच्या वाफ्यातली माती बोटावर घेतली आणि जिभेला लावली. थुंकली. पुन्हा थोडी घेतली, खात्री करायला. मग कपाळावर हात मारून मटकन खालीच बसली.

"सुगंधे, म्हशीक आनी घोड्याक एकच खोगीर घातलंस मां," ती स्वतःशी म्हणाली.

माडाला मीठ लागतं, पचतं. मेथीला नाही. देवगडच्या आडदांड पावसात आळ्यातलं जादा मीठ धुऊन जातं. इथे जानेवारीत पावसाचा थेंब नाही, आणि तिने दोन गोण्या मिठाचा चुरा इवल्याशा मुळांवर नेऊन टाकला होता. शेवंतीने विचारलं होतं, तू माड लावलायस काय. शेवंतीला, जिने उभ्या जन्मात वाफा केला नाही, तिला कळलं होतं.

आता हे अनंताला सांगायचं होतं. ज्याला तिने रिटायर झाल्यापासूनच्या तीन वर्षांत एकदाही शेतीबद्दल तोंड उघडू दिलं नव्हतं, त्याला. संध्याकाळपर्यंत ती घरात-बाहेर करत राहिली. शेवटी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "माझी चूक झाली. मिठाचा चुरा घातला मी. जमीन मी खारवली."

अनंत हसला नाही. तो उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने परत आला तो दोन पेले घेऊन.

"यातलं पी. हे मी पहाटे पंप लावायच्या आधी भरून ठेवलं होतं, पंपात आधी ओतायला."

तिने घोट घेतला. गोड पाणी.

"आता हे. दोन तास पंप चालवून मग घेतलेलं."

मचूळ. गिळवेना असं.

"चहा," ती म्हणाली.

"चहाच. त्याला पाणी याच विहिरीचं. सकाळचा चहा गोड लागायचा आणि उशिराचा खारट, मला वाटायचं तू मुद्दाम नखरे करतेस." अनंत तिच्याशेजारी फतकल मारून बसला. "खाडीजवळची विहीर आहे. गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली. जुना पंप हळूहळू वरचं घ्यायचा. माझ्या या तीन एचपीच्या बैलाने तळाचं ओढून काढलं. अर्धं मीठ माझं आहे गं."

सुगंधाला त्याक्षणी नवऱ्याबद्दल इतकी माया वाटली की तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण चूक निम्मी वाटून घेणारा माणूस आपल्याला मिळालाय हे तिला आज कळलं. मग तिने सूप परत उचललं, कारण भात व्हायचा होता.

दुसऱ्या दिवसापासून दोघं कामाला लागली. शेतीतलं तिचं डोकं आणि लोखंडातलं त्याचं, दोन्ही पहिल्यांदाच एका बाजूला आली. अनंताने तीन एचपीचा पंप मित्राला परत दिला आणि जुना खोक्यातून काढून बसवला. पंपाचा पाइप विहिरीत ज्या टोकातून पाणी ओढतो, तो फूटवॉल त्याने नव्या पंपासाठी पार तळाशी सोडला होता. अनंताने लवचीक पाइप जोडला आणि ते टोक तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिक कॅनला बांधलं. कॅन पाण्यावर तरंगला की टोक पाण्याच्या वीतभर खाली राहणार. पाणी खाली जाईल तसा कॅन खाली, पण ओढणार कायम वरचंच. आणि चालवायचं सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, मध्ये विहिरीला विसावा.

"हे तुम्हाला तीस वर्षं पगार देणाऱ्यांना सांगितलं असतं तर तुम्ही मॅनेजर झाला असता," सुगंधा म्हणाली.

"तिथे विहीर नव्हती."

सुगंधाने वरची पांढरी साय खरवडून काढली. घमेलं भरायचं आणि माडांच्या आळ्यात नेऊन ओतायचं. "खा मेल्यांनो," ती दर खेपेला म्हणायची, "तुमच्याचसाठी आणलं होतं मी एवढ्या लांबून." मग वाफ्यांच्या दोन्ही अंगांना कुदळीने खोल चर खणले. चार दिवस ओळीने गोड्या पाण्याने वाफे तुडुंब भरायचे आणि ते पाणी मीठ घेऊन चरातून माडांकडे जाऊ द्यायचं. तिच्या तळहाताला फोड आले, फुटले, त्यावर हळद बसली. गावातल्या तबेल्यातलं जुनं, कुजून काळं झालेलं शेणखत आणलं. नवं बी पेरलं ते वरंब्याच्या माथ्यावर नाही, कुशीला, कारण मीठ माथ्यावर चढून बसतं हे आता तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. वरून भाताचा पेंढा अंथरला, म्हणजे ऊन मातीतलं पाणी शोषणार नाही आणि मीठ वर येणार नाही.

रोज सकाळी ती बोटभर माती जिभेला लावायची.

"कसंय आज?" अनंत विचारायचा.

"काल लोणचं होतं. आज पापड आहे."

आठवड्याने ती म्हणाली, "भाकरी."

पालक आला. माठ आला, मेथी आली, मुळा जरा उशिरा पण आला. वाल मात्र दोनदा पेरूनही रुसला तो रुसलाच. त्या मोकळ्या वाफ्यात नुसतं तण माजलं. जाडसर लालट देठाचं, गुळगुळीत बारीक पानांचं, जमिनीला चिकटून पसरणारं. अनंत ते उपटून टाकायचा, दोन दिवसांत ते परत हजर.

होळीच्या आदल्या दिवशी चार भाज्या तयार होत्या. मनगटाएवढा मुळा नव्हता, अंगठ्याएवढा होता. पण ताजा, करकरीत. पाचवी नव्हती.

दुपारी अनंत फेरीने बोरिवलीला गेला आणि पिशवी घेऊन आला. पिशवीत वालाच्या शेंगा, कोवळ्या, हिरव्यागार.

"कुणाला कळतंय?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "बावीस वर्षांत एकदा."

सुगंधाने शेंग हातात घेतली. खरंच कळलं नसतं. तिने शेंगा धुतल्या, फडक्यावर पसरल्या, टोपलीशेजारी ठेवल्या. रात्री दोनदा उठून बघितल्या. सकाळी त्या तिने सोलून उसळ करून अनंताच्या ताटात वाढली आणि खुरपं घेऊन वालाच्या वाफ्यात गेली. ते लालट देठाचं तण तिने मुळापासून न काढता वरून वरून खुडलं. चांगल्या दोन जुड्या निघाल्या.

शिवदासकाका ओटीवर बसले होते. हर्षद खांबाला टेकून उभा. अंगणात होळीसाठी सुपारीचा सोट आणून टाकला होता.

काकांनी टोपली पुढे ओढली. "पालक, एक. माठ, दोन. मेथी, तीन. मुळा, चार." पाचवी जुडी हातात आली आणि ते थांबले.

"काकी, हे तण आहे," हर्षद म्हणाला. हलक्या आवाजात म्हणाला, तिची अब्रू राखल्यासारखं.

"घोळ आहे," सुगंधा म्हणाली. "भाजीच आहे. पण मी लावलेली नाही, आपणहून आली." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. वर्सोव्याच्या गोण्या, माडाचं खत, पंप, पांढरी माती, सगळं. बोरिवलीच्या शेंगासुद्धा सांगितल्या. अनंत शेजारी उभा राहून पायाच्या अंगठ्याने अंगण उकरत होता.

काकांनी घोळीचा एक देठ तोडला आणि तसाच कच्चा तोंडात टाकला. चावत राहिले. बराच वेळ.

"खारट आहे," ते म्हणाले.

"हो."

"मीठ कुणाचं?"

"निम्मं माझं, निम्मं यांचं."

काकांनी आणखी एक देठ तोडून हर्षदपुढे धरला. "खा."

"बाबा, मी कशाला?"

"खा म्हणतो ना." हर्षदने तोंड वाकडं करून खाल्ला. "मी आठ वर्षांचा होतो," काका म्हणाले, "तेव्हा उधाणाने खाडीचा बांध फुटला. सगळ्या शेतात खारं पाणी. गाव म्हणालं, जमीन मेली. माझ्या आयशीने याच्याशिवाय दुसरं काही उगवेना म्हणून दोन पावसाळे आम्हाला हेच खायला घातलं. हे मीठ खातं. आम्ही याला खाल्लं. तिसऱ्या वर्षी त्याच जमिनीत भात आलं, त्यावर तू वाढलास." त्यांनी हर्षदच्या खिशातल्या फोनकडे बोट दाखवलं. "तुझ्या त्या फोटोत हे दिसलं नाही."

देठ चावता चावता हर्षदने टोपलीतून आणखी एक उचलला.

काका टोपली घेऊन आत गेले. घंटा वाजली. सुगंधाने पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. बाहेर येऊन ते पायरीवर टेकले, तपकिरीची डबी शोधली, सापडली, चिमूट घेतली, शिंकले.

"घोळ आज रांधून आण संध्याकाळी. होळीच्या पोळीबरोबर खाईन."

"आणते."

"वरून मीठ घालू नकोस."

"नाही घालत."

"आणि," काका नाक पुसत म्हणाले, "पाच झाल्या. पुढच्या वर्षी कर."